चिमटीची कुपी

चिमटे,

तुझं घर बघून मला किळस येते, हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. सिंकमध्ये कालची नव्हे, परवाची भांडी. पंख्याच्या पात्यांवर काळा, मेणचट थर. गादीवर मांजर, मांजराखाली वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्राखाली तुझा चष्मा, जो तू सकाळपासून शोधत होतीस. मागल्या वेळी मला चहा दिलास, त्या कपाच्या कानात इतका जुना मळ होता की तू पाठ वळवल्याबरोबर मी तो चहा खिडकीतल्या कुंडीत ओतला. तुला कळलं असणारच. तुझ्या नाकातून आजवर काही सुटलेलं नाही. पण तू त्यावर अवाक्षर काढलं नाहीस. उलट माझ्या खांद्यावरचा एक पांढरा केस दोन बोटांत धरून उचललास, उजेडाकडे धरलास आणि म्हणालीस, "वहिनी, गळायला लागलीस की गं."

तुझ्यावर लिहायचं कधीपासून मनात होतं. तू म्हणशील, माझ्यावर काय लिहायचंय डोंबल? तर तू वाचू नकोस. तुला सगळं ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याकडे आता वळते. तू तोवर मांजराला खायला घाल.

तर, चिमटी ही माझी धाकटी नणंद. हे नाव तिला घरात पडलं, कारण समोर आलेल्या माणसाच्या अंगावरचा केस, धागा, कोंडा चिमटीत उचलल्याशिवाय तिला बोलायलाच सुचत नसे. लग्न ठरवायला आलेल्या एका गृहस्थाच्या कॉलरवरचा कोंडा तिने असाच भर बैठकीत टिपला आणि त्याला दाखवला. ते लग्न झालं नाही. नंतरही कुठलं झालं नाही आणि तिने त्याचं दुःख केल्याचं मला तरी दिसलं नाही.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत लागली आणि वर्षानुवर्षं एका मशीनपाशी बसली. पुस्तकात त्या मशीनचं नाव इतकं लांबलचक आहे की ते उच्चारेपर्यंत रोगी बरा व्हावा. आम्ही मशीनच म्हणायचो. दोन फ्रिज आडवे करून एकमेकांना चिकटवावेत एवढं धूड. खाली पंपांची अखंड घरघर. रक्त, लघवी, थुंकी, पू, जे जे म्हणून माणसाच्या शरीरातून बाहेर पडतं ते सगळं गाळून, निवळून, थेंबाथेंबाने त्या मशीनच्या सुईतून आत जायचं आणि पलीकडे पडद्यावर काट्यांचं एक कुंपण उमटायचं. एकेक काटा म्हणजे एकेक रेणू. काटा कुठे उभा आहे त्यावरून त्याचं वजन आणि वजनावरून त्याची ओळख.

मी एकदा तिला विचारलं होतं, "वजनावरून ओळख कशी पटते गं? माझं आणि त्या कोपऱ्यावरच्या शिंपिणीचं वजन एकच आहे."

"दशांशचिन्हाच्या पुढे किती घरं मोजलंस?" ती म्हणाली. "हे बघ. नायट्रोजनचं वजन अठ्ठावीस. कार्बन मोनॉक्साइडचंही अठ्ठावीस. एक तू दिवसभर नाकाने ओढतेस, दुसरा तुला मारून टाकेल. साध्या काट्याला दोन्ही सारखेच. माझं मशीन पुढची चार घरं वाचतं. तिथे दोघांचं बिंग फुटतं."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जी लकाकी येत असे ती दुसऱ्या कशानेच आलेली मी पाहिली नाही.

तिच्या खोलीत शिरणं म्हणजे दिव्य. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिने मला दारातच थांबवलं आणि कुत्र्यासारखं हुंगलं.

"हाताला काय चोपडलंयस?"

"क्रीम. थंडी आहे."

"बाहेर हो. कोपरापर्यंत हात धू. साबण लावू नकोस, नुसत्या पाण्याने. आणि तो लोकरीचा स्वेटर बाहेरच्या खुंटीला."

"अगं, मी काही ऑपरेशन करायला आले नाहीये! डबा द्यायला आलेय."

"डबापण बाहेरच ठेव."

क्रीम, अत्तर, केसांचं तेल, लोकर, साबण, सगळ्याला बंदी. कारण मशीनला भेदभाव कळत नाही. रोग्याच्या रक्तात जे आहे तेही ते तोलतं आणि तोलणारीच्या नखाखालून पडलं तेही तोलतं. ती सांगायची, जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांत मिळून सगळ्यात जास्त सापडणारा पदार्थ कुठला असेल, तर माणसाची कातडी. आपण चालता बोलता झडत असतो. "माणूस म्हणजे भोक पडलेलं पोतं आहे, वहिनी. जिथे जाईल तिथे सांडतो." हे ती हातात बिस्किट धरून सांगायची, आणि माझं बिस्किट बशीतच राहायचं.

एक गंमत मात्र तिने सांगितली होती. हवेत कायम तरंगणारी एक घाण असते. लोकांच्या अंगावरच्या फवाऱ्यांतून, रबरी नळ्यांतून सुटलेली. काही केल्या जात नाही. पण तिचं वजन पक्कं ठाऊक असतं. म्हणून मशीन त्या घाणीवरच स्वतःचा काटा जुळवून घेतं. "घाणीचं मला काही वाटत नाही," ती म्हणायची, "कुठून आली ते ठाऊक असलं म्हणजे झालं."

"म्हणूनच का घरी उकिरडा केलायस?"

"घरी मी काही मोजत नाही."

आता मूळ गोष्टीकडे येते, आणि मूळ गोष्ट सांगताना माझ्या तोंडाला अजून कडवट चव येते.

प्रयोगशाळेचे आणि हॉस्पिटलचेही जे प्रमुख होते त्यांना सगळे बडे डॉक्टर म्हणत. बोलणं गोड, बोटं गुबगुबीत, हस्तांदोलन केलं की आपल्या हाताला त्यांच्या अत्तराचा वास संध्याकाळपर्यंत राहायचा. चिमटी त्यांना मशीनच्या खोलीत येऊ द्यायची नाही, हा त्यांचा पहिला राग. स्वादुपिंडाचा कॅन्सर फार उशिरा कळतो. तो रक्तावरून लवकर कळावा म्हणून त्यांनी एक शोधमोहीम काढली होती. वॉर्डातल्या रोग्यांचं रक्त आणि धडधाकट माणसांचं रक्त चिमटीकडे यायचं आणि तिने फरक शोधायचा.

फरक सापडला. चरबीच्या जातीचा एक रेणू. रोग्यांच्या रक्तात ठळक काटा, धडधाकटांच्या रक्तात काहीच नाही. चिमटीने त्याचं वजन चौथ्या घरापर्यंत काढलं, त्याचे तुकडे करून तेही तोलले आणि नाव सांगितलं. शरीर हा रेणू बनवतं, हे पुस्तकातही होतं. बड्या डॉक्टरांनी सभा घेतल्या, फोटो काढून घेतले, लेख छापला. चिमटीचे आभार शेवटच्या ओळीत, वीज पुरवणाऱ्यांच्या आधी. पाठोपाठ त्यांच्याच हॉस्पिटलात ती तपासणी सुरूही झाली. एवढी घाई कशाला, असं कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? सगळे टाळ्या वाजवत होते.

त्याच सुमारास आमच्या ह्यांच्या, म्हणजे चिमटीच्या दादाच्या, पोटात दुखायला लागलं. माझं मत विचाराल तर तळलेलं खाऊन दुखत होतं. पण बहीण जिथे काम करते तिथेच दाखवायचं म्हणून हे मोठ्या ऐटीत बड्या डॉक्टरांकडे गेले. रक्त दिलं. काटा उभा राहिला. फोटोत, म्हणजे स्कॅनमध्ये, काही धड दिसत नव्हतं, पण बडे डॉक्टर म्हणाले, दिसायच्या आधीच पकडणं हीच तर या तपासणीची करामत आहे. स्वादुपिंडाचा मोठा तुकडा काढून टाकू. पुढच्या आठवड्यात या.

मी चिमटीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादाचं रक्त कशात घेतलं?"

"कशात म्हणजे? दंडातून घेतलं."

"कशात ठेवलं, वहिनी? नळी कसली होती?"

मला काय माहीत! तिलाही माहीत नव्हतं, तीच तर गोम होती. वॉर्डातल्या नळ्या तिच्यापर्यंत येतच नसत. खाली एक माणूस रक्त निवळून, प्रयोगशाळेच्या बाटल्यांत ओतून, नंबर चिकटवून वर पाठवायचा. सुरुवातीला तिने वॉर्डातल्या रिकाम्या नळ्या मागितल्या होत्या. तिची कामाची रीतच तशी. कुठलंही भांडं असो, आधी त्यात नुसतं पाणी घालून ते मशीनमधून काढायचं आणि पडदा कोरा दिसला तरच पुढे जायचं. बडे डॉक्टर तेव्हा हसून म्हणाले होते, "बाई, रिकाम्या नळ्या तपासायला हे मशीन घेतलेलं नाही."

यावेळी ती मागायला गेली नाही. सरळ वॉर्डात गेली आणि नर्सच्या ट्रेमधून एक कोरी प्लास्टिकची नळी उचलून आणली. ती बोटांतून सुळकन निसटली, तिथेच तिला काय ते समजलं. नळ्या साच्यातून सहज सुटाव्यात, एकमेकींना चिकटू नयेत म्हणून कारखानेवाले प्लास्टिकमध्ये चरबीच्याच जातीचा एक बुळबुळीत पदार्थ घालतात. तिने त्या नळीत पाणी भरलं, रोग्यांच्या रक्तासारखंच ताटकळत ठेवलं आणि मशीनमध्ये सोडलं.

काटा उभा राहिला. तोच. चौथ्या घरापर्यंत तोच.

आणि धडधाकटांच्या रक्तात तो का नव्हता? कारण ते धडधाकट म्हणजे प्रयोगशाळेतलेच नोकर. त्यांचं रक्त वरच घेतलं होतं, काचेच्या कुप्यांत, ज्या चिमटीने स्वतः खळबळून, भाजून ठेवल्या होत्या. इतके सगळे शिकलेले लोक, इतक्या सभा, आणि भांडी वेगळी आहेत हे कुणाच्या लक्षात नाही! घरात एका पातेल्यातलं दूध नासलं तर बाई आधी पातेलं हुंगते. या शहाण्यांनी दुधालाच रोग ठरवला.

आम्ही नवरा बायको बड्या डॉक्टरांच्या खोलीत ऑपरेशनचं ठरवायला बसलो होतो, तेव्हा चिमटी दार न वाजवता आत आली. हातात ती नळी.

"हे ऑपरेशन करू नका," ती म्हणाली. "तो रेणू दादाच्या पोटातला नाही. ह्या नळीतला आहे."

बडे डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "बाई, तुम्हीच त्याची ओळख पटवलीत ना? ती चुकली का?"

"नाही. ओळख बरोबर आहे. पत्ता चुकलाय."

"म्हणजे शरीरात तो रेणू नसतोच?"

"असतो, नखभर. नळीतून उतरतो त्यापुढे तो दिसायचाही नाही. नुसतं पाणी घालून बघितलं, साहेब. पाण्याला कॅन्सर झालाय का?"

मला हसू फुटलं. ह्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

बडे डॉक्टर अजून गोड झाले. एखाद्याच्या आवाजाला गुळाचा चिकट थर चढावा तसे. "पाण्यात काटा आला, तर तो नळीतूनच आला कशावरून? तोलणारीच्या हातून नाही कशावरून? तुमच्याकडे, मी ऐकतो, मांजरं आहेत. घराचीही जरा..." आणि वाक्य अर्धवट सोडून त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. जणू चहाचा कप पुढे केला.

आणि आमच्या ह्यांनी तो घेतला. "खरंय डॉक्टर," हे म्हणाले. "हिच्या घरी पाणी पिववत नाही. भांड्यात केस असतात."

सख्खा भाऊ! लहानपणी हिला पाठीवर बसवून घोडा घोडा खेळलेला. डॉक्टरसमोर आपण शहाणे दिसावं एवढ्यासाठी.

चिमटीने ह्यांच्या बाहीवरचा एक धागा चिमटीत उचलला, खिडकीतून बाहेर टाकला आणि नळी टेबलावर ठेवून निघून गेली. बड्या डॉक्टरांनी ती नळी रुमालाने धरून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि रुमालाला बोटं पुसली. त्या बोटांनी ते माझ्या नवऱ्याचं पोट उघडणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. घरात आली नाही. जिन्यातच तिने पर्समधून चंदेरी कागदात गुंडाळलेली एक काचेची कुपी काढून माझ्या हातात दिली. बोटाएवढी, पातळ काचेची, घट्ट झाकणाची.

"कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दादाचं रक्त यात घ्यायला लाव. सुईतून क्षणभर गेलं तर चालेल, मुक्काम काचेत हवा. झाकण त्याच वेळी उघडायचं. आणि तशीच माझ्याकडे आणून दे. मशीन अजून माझ्या हातात आहे. काटा आला नाही, तर मशीनचा तसा कागद घेऊन आपण दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाऊ."

"आणि आला तर?"

"तर मीच त्याला टेबलावर झोपवीन." मग जिना उतरता उतरता म्हणाली, "वहिनी, धुऊ नकोस हं ती. तुझं ते साबणाचं वेड..."

मी ह्यांच्या मागे लागले. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत लागले. सरळ सांगितलं, विनवलं, ओरडले, एकदा तर कुपी ताटाशेजारी ठेवली.

"अहो, थेंबभर रक्त! डास याहून जास्त पितो."

"माझा डॉक्टरांवर विश्वास आहे."

"आणि बहिणीवर?"

"तिला मशीन कळतं, माणूस कळत नाही. आणि लोकांना कळलं की मी गुपचूप दुसरीकडे रक्त देऊन आलो, तर डॉक्टरांना काय वाटेल?"

डॉक्टरांना काय वाटेल! पोट स्वतःचं, सुरी दुसऱ्याची, आणि काळजी सुरीवाल्याच्या मनाची. मी त्या दिवशी ह्यांच्याकडे जेवताना पाहत होते. हनुवटीवरून रस्सा ओघळत होता आणि मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस झोपलेला असताना मीच टाचणी टोचून थेंब काढावा. काढला नाही, कारण चार थेंबांनी भागणार नव्हतं, आणि पूर्ण जागा असूनही जो देत नाही त्याच्याशी झोपेत काय भांडायचं?

ऑपरेशन झालं. स्वादुपिंडाचा मोठा तुकडा काढला. तपासायला पाठवला. निरोगी निघाला. पूर्ण, स्वच्छ, निरोगी.

बडे डॉक्टर पेढे वाटल्यासारख्या आवाजात म्हणाले, "अभिनंदन! वेळेवर काढला म्हणून निरोगी निघाला."

आणि हे पलंगावर पडल्या पडल्या, नाकातोंडात नळ्या, हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, तुमचे उपकार."

मी बाहेर जाऊन बेसिनमध्ये ओकले. शब्दशः ओकले. नर्सला वाटलं, मला रक्ताचा वास सहन झाला नाही.

तेव्हापासून ह्यांना रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. तुकडा गेला, त्याच्याबरोबर साखर सांभाळणाऱ्या पेशीही गेल्या. ते मी टोचते. टोचून घेताना हे अजून सांगतात, "वाचलो बरं का त्या वेळी!"

पुढे हॉस्पिटलने नळ्यांचा पुरवठादार बदलला. नव्या नळ्या आल्या आणि रोग्यांच्या रक्तातला तो काटा नाहीसा झाला. अख्खा वॉर्ड एका झटक्यात बरा! मरणारे मात्र मरतच होते. तपासणी गुपचूप बंद झाली. चूक झाली असं कुणी म्हणालं नाही, कुणी आमच्या दाराशी आलं नाही. बडे डॉक्टर आणखी वरच्या खुर्चीवर गेले आणि तिथून तरुणांना संशोधनातल्या शुचितेवर भाषणं देतात. एक मी रेडिओवर ऐकलं. पाचव्या मिनिटाला बंद केला आणि रेडिओ पुसून काढला.

चिमटीला तोवर मशीनवरून काढून भांडारात बसवलं होतं. कारण दिलं, अस्वच्छता. हातमोजे आणि नळ्यांची खोकी रचून ठेवायचं काम. तिथे थोडे दिवस बसली आणि नोकरी सोडून घरी आली. भांडारातून निघताना तिने बरोबर काय आणलं असेल? खोक्यामागे व्यालेल्या मांजरीचं एक पिल्लू. तेच आता गादीवर पसरलेलं असतं.

चिमटे, आता पुन्हा तुझ्याकडे वळते.

तू दादाला त्यावरून कधी एक शब्द बोलली नाहीस, ते मला आवडलेलं नाही. मी असते तर रोज बोलले असते, आणि बोलतेच. परवा तुझा फोन आला. मला वाटलं, आता तरी त्यांची चौकशी करशील, नाहीतर शिव्या तरी देशील. तू म्हणालीस, "वहिनी, ती माझी कुपी परत आणून दे ना. तसली काच आता मिळत नाही. आणि धुऊ नकोस." मी म्हटलं, आणते.

आणलेली नाही. का ते ऐक. इतकी वर्षं ती मी काचेच्या कपाटात, चंदेरी कागदासकट, सगळ्यात मागे जपून ठेवली होती. फोन ठेवला आणि कपाट उघडलं. कागद नाही. झाकण नाही. कुपी ह्यांच्या उशाशी, औषधांच्या ट्रेमध्ये उभी होती.

तुझा दादा तिच्यात दात कोरायच्या काड्या ठेवतो. वापरलेल्यासुद्धा.